पुदिन्याचा चहा: गरम की थंड, आणि मुळात कोणत्या पानाचा?

पुदिन्याचा चहा आपल्याला आवडतो की नाही, याचा निकाल बहुतेक जण एकाच कपावर लावून टाकतात. तो कप बहुधा असा असतो: उकळत्या पाण्यात टी बॅग टाकली, कप उघडाच ठेवला, दहा मिनिटांनी आठवण झाली आणि पहिल्याच घोटाला टूथपेस्ट आठवली. त्यानंतर माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. मला याची खरोखर हळहळ वाटते, कारण ज्याला नकार दिला ते पेय वेगळंच असतं. पान बदललं, तापमान बदललं की पुदिन्याचा चहा इतका बदलतो की दोन्ही कपांना एकच नाव द्यावं का, असा प्रश्न पडावा.

म्हणून निवड करायला बसलात तर 'गरम की थंड' इथून सुरुवात करू नका. आधी पान ठरवा.

पेपरमिंट आणि स्पिअरमिंट

स्वयंपाकात वापरला जाणारा साधा हिरवा पुदिना म्हणजे बहुधा स्पिअरमिंट. त्याचं टोकदार, सुरकुतलेलं पान चुरगळलं की गोडसर, हिरवा वास येतो. पेपरमिंट हा त्याचाच, पण संकरातून झालेला भाऊबंद: एका बाजूला स्पिअरमिंट, दुसऱ्या बाजूला पाणथळ जागी वाढणारा पाणपुदिना. हा संकर सहसा बी धरत नाही. तो मुळांच्या धावत्या फुटव्यांपासून किंवा फांदी खोचूनच वाढवावा लागतो. त्यामुळे बियांच्या पाकिटावर 'पेपरमिंट' असं छापलेलं दिसलं तर आत खरं पेपरमिंट असण्याची शक्यता कमीच.

चवीतला फरक त्यांच्या तेलातून येतो. पेपरमिंटच्या तेलात साधारण 30 ते 50 टक्के मेंथॉल असतं. स्पिअरमिंटमध्ये ते नावालाच असतं, तिथे राज्य कार्व्होन नावाच्या सुगंधी द्रव्याचं. गंमत म्हणजे हेच कार्व्होन शेपूच्या बियांतही सापडतं, फक्त त्याचा रेणू उलटा, आरशातल्या प्रतिबिंबासारखा. अणू तेच, जोडणी तीच, पण नाकाला एक पुदिना वाटतो आणि दुसरा शेपू.

मेंथॉलचं काम मात्र नुसतं वासाचं नाही. तोंडातल्या आणि नाकातल्या ज्या मज्जातंतूंना गारवा कळतो, त्यांवर टीआरपीएम-8 नावाचं एक प्रथिन असतं. एरवी ते साधारण 25 ते 28 अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर जागं होतं. मेंथॉल त्याला त्याआधीच जागं करतं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये स्वतंत्रपणे, मेंथॉल वापरूनच ते ओळखलं. पुढे 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं, त्यामागच्या संशोधनात हेही होतं. थोडक्यात, पेपरमिंटचा गारवा हा तापमानाचा गारवा नाही, तरीही तो भासही नाही. बर्फाने जी मज्जातंतूची तार छेडली जाते तीच इथे छेडली जाते.

माझ्यापुरता मी एक साधा नियम करून ठेवला आहे: कपात चहाची पत्ती असेल तर स्पिअरमिंट, पत्ती नसेल तर पेपरमिंट. मेंथॉल जिभेवर बसलं की चहाचा तुरटपणा, भाजका वास, फुलांसारखा सुगंध सगळं मागे ढकलतं. चांगली पत्ती वापरून वर पेपरमिंट घालणं म्हणजे पत्ती वाया घालवणं. स्पिअरमिंट पत्तीला सोबत करतं. मोरोक्कोतला पुदिन्याचा चहा याच जोडीवर उभा आहे. त्यात गोळ्यांसारखी वळलेली गनपावडर ग्रीन टी असते, स्पिअरमिंटच्याच कुळातला 'नाना' पुदिना असतो आणि साखर सढळ हाताने घातलेली असते.

गरम कप नाकाने प्यायचा

गरम पुदिन्याच्या चहातली निम्म्याहून अधिक मजा वाफेत असते. सुगंधी तेलं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, ती वाफेबरोबर वर निघतात. म्हणूनच झाकण. चहा मुरत असताना कपावर बशी ठेवा. पाच मिनिटांनी ती उचलून उलटी करा आणि आत जमलेल्या थेंबांचा वास घ्या. उघड्या कपातून काय काय उडून गेलं असतं, ते तिथे कळतं.

नुसतं पेपरमिंट असेल तर पाणी खळखळतं घ्या, 5 ते 7 मिनिटं मुरवा. त्यात चहाइतकं कडवट होणारं काही नसल्याने दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. ग्रीन टीत पुदिना असेल तर मात्र सांभाळावं लागतं. पाणी 70 ते 80 अंश, वेळ 2 ते 3 मिनिटं. इथे पत्ती आणि पुदिना यांची भांडणं सुरू होतात. पुदिन्याला जास्त उष्णता आणि जास्त वेळ हवा, पत्तीला दोन्ही कमी. मी आधी पुदिन्यावर थोडं उकळतं पाणी ओतून झाकून ठेवते. तीन-चार मिनिटांनी थोडं गार पाणी घालून तापमान खाली आणते आणि मग पत्ती टाकते. एक पायरी वाढते, पण कपात दोघांचाही आवाज ऐकू येतो. कोऱ्या चहाला हा त्रास नाही. त्याला आणि पुदिन्याला एकच उकळतं पाणी चालतं, 3 ते 4 मिनिटं.

गरम पेपरमिंट पिताना एक करून पाहा. घोट तोंडात असताना गारवा फारसा जाणवत नाही, कारण उष्णता त्या गारव्याच्या तंतूंना गप्प बसवते. घोट गिळा आणि मग तोंडाने हळूच श्वास आत घ्या. घशापासून छातीपर्यंत थंड झुळूक उतरते. गरम पेय पिऊन गारवा अनुभवणं मला दुसऱ्या कुठल्याच कपात सापडलेलं नाही. नुसत्या पेपरमिंटसाठी मी गरमच्या बाजूने आहे ती यासाठी.

थंड ग्लास जिभेने आणि घशाने

थंड चहात वाफ नाही, म्हणजे वास दबतो. गोडीही दबते. गरम कपात बरोबर वाटलेली साखर बर्फात कमी पडते. तुरटपणा मात्र थंडीत तसाच राहतो, कधी जास्तच टोचतो. त्यामुळे 'गरम चहा केला आणि गार होऊ दिला' असं करून चांगला आइस टी होत नाही. त्याची मांडणी पहिल्यापासून वेगळी करावी लागते.

दोन रस्ते आहेत. पहिला झटपट: अर्धा लिटर पेयाला लागणारी सगळी पत्ती आणि पुदिना 250 मिलिलिटर गरम पाण्यात मुरवायचा आणि गाळून 250 ग्रॅम बर्फावर ओतायचा. जवळजवळ सगळा बर्फ वितळतो, पेय गारेगार होतं आणि चव बरोबर मापात येते. पातळ आइस टीची तक्रार करणारे बहुतेक वेळा नेहमीच्या ताकदीचा चहा बर्फावर ओततात आणि बर्फ वितळून पाणी होणार हे हिशेबात धरत नाहीत. कोरा चहा या पद्धतीने कधी कधी गढूळ होतो. कॅफिन आणि चहातली तुरट द्रव्यं गार होताना एकमेकांना धरून बसतात म्हणून ते होतं. चवीला धोका नाही. दिसायला नको असेल तर चमचाभर उकळतं पाणी घालून ढवळा, बरंचसं निवळतं.

दुसरा रस्ता रात्रभराचा, आणि माझ्या मते पुदिन्यासाठी तोच खरा. एक लिटर पिण्याचं गार पाणी, 8 ते 10 ग्रॅम ग्रीन टी, मूठभर ताजा स्पिअरमिंट. झाकून फ्रिजमध्ये 6 ते 8 तास ठेवायचं आणि गाळायचं. गार पाण्यात तुरट द्रव्यं आणि कॅफिन दोन्ही कमी उतरतात, म्हणून हा चहा बिनसाखरेचाही गोडसर लागतो. त्यात कडवटपणा शोधूनही सापडत नाही. पुदिन्याचा वास इथे ताज्या पानाचाच राहतो, शिजल्यासारखा होत नाही. वाळलेली पानं वापरत असाल तर त्यांवर आधी थोडं उकळतं पाणी ओता, अर्ध्या मिनिटाने गार पाणी घाला. नाही तर चव अर्धवटच उतरते. हे भांडं उन्हात ठेवून चहा 'मुरवण्याची' पद्धत मात्र टाळा. त्या कोमट पाण्यात जंतू मरत नाहीत, उलट वाढतात. फ्रिजमधला चहाही एक-दोन दिवसांत संपवावा.

थंड पेपरमिंट? जपून. बर्फ आणि मेंथॉल दोघंही एकच तार छेडतात, त्यामुळे चार घोटांत जीभ बधिर होऊन चव कळेनाशी होते. तहान आणि उकाडा यांच्यावर त्याच्यासारखा उतारा नाही, हे खरं. पण ते चवीने प्यायचं पेय नाही. अर्धं पेपरमिंट, अर्धं स्पिअरमिंट केलंत तर गारवाही राहतो आणि जीभही जागी राहते.

लिंबू थंडात छान जमतं. कोऱ्या चहात ते पिळलं की रंग लगेच उजळतो, तुरटपणाला आंबट जोडीदार मिळतो. गोडीसाठी साखरेऐवजी सारख्या मापाच्या साखर-पाण्याचा पातळ पाक वापरा, म्हणजे तळाशी दाणे बसत नाहीत. दूध घालू नका. दुधातलं स्निग्ध मेंथॉलची धार बोथट करतं, प्रथिनं चहाचा तुरटपणा धरून ठेवतात आणि मागे एक गुळमुळीत चव उरते. ज्यांना दूध हवंच आहे त्यांनी साधा चहा प्यावा, पुदिना वेगळा.

ताजी पानं, वाळलेली पानं, टी बॅग

पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये असतं. त्या फुटल्या की वास सुटतो. ताजं पान दोन तळव्यांमध्ये एकदा टाळी वाजवून दाबलं की पुरे. खलबत्त्यात कुटलं तर पानातला हिरवा कडवटपणा बाहेर येतो आणि ते काळं पडतं. वाळलेलं पान एक चमचा, तर ताजं साधारण तीन चमचे, असं माप धरावं. गरम कपासाठी वाळलेलं पेपरमिंट ताज्याइतकंच, कधी अधिक भरदार लागतं. थंड ग्लासासाठी ताज्याला तोड नाही.

टी बॅगमधला चुरा वाईट असतोच असं नाही, पण चुरा झाला म्हणजे बऱ्याच ग्रंथी आधीच फुटलेल्या असतात. घेताना घटकांची यादी वाचा. नुसतं 'पुदिन्याचं पान' लिहिलं असेल तर उत्तम. 'चहा, फ्लेवर' असं असेल तर पत्तीवर वरून वास चढवलेला आहे. असा चहा पहिल्या आठवड्यात खूप दरवळतो, डबा उघडझाप होत गेली की मंदावतो, आणि टूथपेस्टची आठवण बहुधा हाच करून देतो.

विकत घेण्याआधी चाखायचं कसं

दोन-तीन नमुने शेजारी ठेवा. प्रत्येकी 2 ग्रॅम पान, 200 मिलिलिटर पाणी, वेळ सारखा, सगळ्यांवर झाकण. स्पिअरमिंट आधी, पेपरमिंट शेवटी, कारण एकदा मेंथॉल लागलं की पुढचे सगळे कप सारखे लागतात. दोन कपांमध्ये साधं कोमट पाणी आणि काही मिनिटं जाऊ द्या. आणि कृपा करून दात घासल्याबरोबर चाखायला बसू नका. टूथपेस्टमध्ये बहुतेक वेळा हीच दोन तेलं असतात. घोट सुर्रकन हवेसकट ओढा, म्हणजे वास घशाच्या मागून नाकात चढतो. तोच कप आधी वाफाळता, मग कोमट, मग बर्फावर असा तीनदा चाखा. कोमट असताना दोष सगळ्यात स्पष्ट दिसतात: शिळं पान गवतासारखं लागतं, जास्त मुरलेली ग्रीन टी जिभेच्या कडांना आवळते.

शरीराचंही ऐका

नुसत्या पुदिन्यात कॅफिन नसतं. कोऱ्या चहाच्या कपात ते साधारण 40 ते 50 मिलिग्रॅम असतं, ग्रीन टीत बहुधा त्याहून कमी. त्यामुळे रात्रीसाठी निवड सोपी: पत्ती नाही, गरम पेपरमिंट. अपवाद एकच. ज्यांना छातीत जळजळ, आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, त्यांना पेपरमिंट त्रास वाढवू शकतं. ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल करतं आणि आम्ल वर यायला वाट मिळते. 'पुदिना पोटाला चांगला' म्हणून अशांनीच तो झोपण्याआधी पिणं, हे मी जवळच्या माणसांत पाहिलं आहे. त्यांनी पेपरमिंट सोडून दिवसा थोडा स्पिअरमिंट पिऊन पाहावा आणि त्यानेही जळजळलं तर तोही सोडावा. रक्तात लोह कमी असेल तर कुठलाही चहा, पुदिन्याचासुद्धा, जेवणाबरोबर न घेता तासाभराच्या अंतराने घ्यावा.

एकच डबा घ्यायचा असेल, तर दिवसातली तुमची चहाची वेळ कोणती ते पाहा. संध्याकाळनंतर निवांत पिणार असाल तर अखंड पानांचं वाळलेलं पेपरमिंट घ्या. दुपारी तहानेसाठी हवा असेल तर साधी, फ्लेवर नसलेली ग्रीन टी घ्या आणि पुदिना स्वतः कुंडीत लावा. स्पिअरमिंटची काडी पाण्यात ठेवली की काही दिवसांत मुळं फुटतात. फक्त कुंडी वेगळी ठेवा, शेजारची झाडं तो गिळून टाकतो.