जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीच्या नादापायी घेतलेली आर्चटॉप गिटार : चौदा महिन्यांनंतर, मुख्यतः तिसऱ्या तारेबद्दल

गेल्या महिन्यात गिटार सर्व्हिसिंगहून घरी आली. ॲम्पला लावली आणि सवयीने पाचव्या-तिसऱ्या तारेवर ऑक्टेव्ह (एकच सूर, एका सप्तकाच्या अंतराने) दाबला. दोन्ही सूर एकमेकांशी भांडत होते. कॉर्डमधल्या चार सुरांच्या गर्दीत थोडं इकडेतिकडे खपून जातं, पण खालचा सा आणि वरचा सा जुळले नाहीत तर ते लपत नाही. ट्यूनर लावला. मोकळ्या तारा बिनचूक होत्या. तिसरी तार बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या काड्या) दाबली की मात्र काटा सरळ चढ्या बाजूला जायचा. या गिटारीबद्दल लिहीन लिहीन म्हणत वर्ष गेलं, आता या एका तारेने लिहायला बसवलं.

गिटार साधीच आहे. आर्चटॉप, म्हणजे वरची फळी कमानीसारखी फुगीर. आशियात बनलेली, आतून पूर्ण पोकळ, तारांच्या दाबावर उभा राहणारा लाकडी ब्रिज (तारा टेकतात ती घोडी), मानेजवळ एकच पिकअप (तारांचा आवाज ॲम्पकडे पाठवणारा). वापरलेली, ३४,००० रुपयांना घेतली. वेसच्या गिब्सन एल-५ सीईएसची किंमत माझ्या आवाक्यात या जन्मी येणार नाही. पण शेवटच्या वर्षांत त्याने जी खास बनवून घेतली होती तिच्यातही मानेजवळ एकच पिकअप होता, आणि तेवढ्या एका साम्यावर मी पैसे मोजले. त्याचा पश्चात्ताप नाही.

पहिल्याच आठवड्यात फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारांचा संच चढवला. २,२०० रुपये देताना हात जड झाला होता. नेहमीचा संच ६५० ला येतो. पण तो माझ्या घामाने दोन महिन्यांत मरतो, आणि फ्लॅटवाउंड कितीतरी जास्त टिकतो. दर दोन महिन्यांनी नवा संच घेणं वाचलं, शिवाय पट्टीवर बोट सरकवताना होणारी ती कर्कश खरखर गेली. आधी १३ चा संच (म्हणजे पहिली, सर्वांत बारीक तार ०.०१३ इंचाची) घेतला होता, कारण वेसच्या तारा जाड होत्या असं सगळेच सांगतात. तीन महिन्यांत डावं मनगट दुखायला लागलं आणि १२ वर आलो. आवाजात मला पश्चात्ताप वाटावा एवढा फरक पडला नाही.

अंगठ्याबद्दल लिहायला हवं, कारण गिटार त्यासाठीच घेतली. वेस इंडियानापोलिसचा. जवळजवळ विशीत गिटारकडे वळला आणि जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डवरचे सोलो कानाने उचलून शिकला. स्वरलिपी त्याला वाचता येत नव्हती. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबमध्ये वादन, मागे मोठं कुटुंब. घरी पिकने (तार छेडायच्या चपट्या तुकड्याने) वाजवलं की शेजारी तक्रार करायचे म्हणून त्याने पिक ठेवून दिली आणि अंगठ्याच्या मांसाने वाजवायला लागला. रात्री अकरानंतर भिंतीपलीकडच्या काकूंची झोप जपत वाजवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट फार जवळची वाटते. १९६५ साली बीबीसीने लंडनमध्ये केलेलं त्याचं चित्रीकरण मी किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. उजव्या हाताची बाकीची बोटं गिटारीवर टेकलेली, आणि हलतो तो फक्त अंगठा.

तो अंगठा नुसता वरून खाली येत नाही. तार ओलांडून खालच्या तारेवर जाऊन विसावतो. हे मला चौथ्या महिन्यात कळलं. तोवर मी अंगठा हवेत उचलत होतो, म्हणून माझे सूर पातळ लागायचे. विसावायला लागल्यापासून सुराला बूड आलं. वेग मात्र आला नाही. जलद ओळींत माझा अंगठा अजून अडखळतो. जानेवारी १९६० मध्ये रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीसाठी पियानोवादक टॉमी फ्लॅनॅगन आणि पर्सी व अल्बर्ट हीथ या भावांबरोबर त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणातल्या एकेरी सुरांच्या ओळी मी मूळ गतीच्या पाऊणपटीवरच गाठू शकलोय.

आता एक मत बदलायचं आहे. सुरुवातीला मी मित्रांना सांगत होतो की त्या आवाजाचं सगळं रहस्य गिटार आणि तारांत आहे. म्हणून गिटारवरचा टोनचा नॉब पूर्ण बंद ठेवायचो, उबदार आवाज यावा म्हणून. यायचा तो घोंगडी पांघरलेला आवाज. सातव्या महिन्यात एका मित्राकडे त्याची भरीव, साध्या तारांची इलेक्ट्रिक गिटार अंगठ्याने वाजवली आणि रुपयातले बारा आणे तिथेच मिळाले. घरी येऊन माझ्या गिटारचा टोन पूर्ण उघडला. वेसचा आवाज अंधारा नाहीच. सुराच्या सुरुवातीला अंगठ्याचा एक मऊ, पण स्पष्ट ठोका असतो, आणि टोन बंद केला की आधी तो ठोका मरतो. उरलेले चार आणे गिटारीचे आहेत, आणि ते मला हवेच आहेत. अंगठ्याने आवाज लहान निघतो, म्हणून ॲम्प वाढवावा लागतो, आणि मग ही पोकळ गिटार घुमायला लागते. ॲम्पकडे तोंड करून बसायचं नाही, एवढ्यावर भागतं.

ऑक्टेव्ह ही त्याची ओळख. आधीच्या पिढीतला गिटारवादक जँगो राइनहार्टही वापरायचा, पण वेस ऑक्टेव्हमध्ये अख्खा सोलो बांधायचा. एकेरी सुरांनी सुरुवात, मग ऑक्टेव्ह, मग कॉर्डचे ठोकळे. सहाव्या-चौथ्या आणि पाचव्या-तिसऱ्या जोडीत दोन फ्रेटचं अंतर, चौथ्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-पहिल्या जोडीत तीन फ्रेटचं. मधली तार पहिल्या बोटाच्या पोटाने गप्प करायची आणि अंगठा तिन्ही तारांवरून बिनधास्त न्यायचा. ते बोट नीट बसायला मला पाच महिने लागले.

आता बघा, चारपैकी दोन जोड्यांत तिसरी तार आहे. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. फ्लॅटवाउंड संचात तिसरी तार गुंडाळलेली असते, नेहमीच्या १० च्या संचात साधी. फ्रेटवर दाबली की कुठलीही तार थोडी ताणते आणि सूर चढतो. म्हणून ब्रिजवर तिला जरा जास्त लांबी दिलेली असते. तार जितकी ताठ, तितकी लांबी जास्त. गुंडाळलेल्या तारेचा गाभा बारीक असतो, तिला कमी पुरते. साधी तिसरी तार म्हणजे अखंड पोलाद, तिला जास्त लागते. माझ्या लाकडी ब्रिजच्या पायऱ्या (प्रत्येक तारेखाली मागेपुढे कोरलेले टेकू) गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी कोरलेल्या आहेत. तिथे साधी तार बसवली की ती चढी बोलणारच, ब्रिज कितीही सरकवा. सरकवून तिला खाली आणलं तर बाकीच्या पाच उतरतात.

पावसाळ्यात वरची फळी फुगली आणि ॲक्शन (तारांची पट्टीपासूनची उंची) वर गेली, म्हणून गिटार दुकानात दिली होती. त्यांनी सगळ्या तारा एकदम काढल्या. ब्रिज चिकटवलेला नसतो, तो निघून आला. पट्टी पुसली, ब्रिज अंदाजाने ठेवला आणि माझा फ्लॅटवाउंड संच टाकून देऊन १० चा संच चढवला. "सर, जुन्या तारा होत्या, आम्ही नवीन घातल्या, पैसेही घेतले नाहीत." सर्व्हिसिंगचे ९०० मात्र घेतले. मी काउंटरवरच ऑक्टेव्ह वाजवून दाखवला. "गिटारला एवढं चालतं, सर." नाही चालत. कॉर्ड वाजवून सोडून देणाऱ्याला चालेल, ऑक्टेव्ह शिकणाऱ्याला नाही. तारांचे पैसे परत मिळाले नाहीत, चूकही कोणी मान्य केली नाही. मी तिथे पुन्हा जाणार नाही. २,२०० रुपयांपेक्षा मला याचा राग जास्त आहे की त्या मुलाने ब्रिजकडे एकदाही नीट पाहिलं नाही. पायऱ्या डोळ्यांना दिसतात.

दुरुस्ती घरी केली, आणि हे कोणालाही जमेल. नवा १२ चा संच मागवला. एकेक तार काढून लगेच तिच्या जागी नवी लावली, म्हणजे ब्रिजवरचा दाब सुटत नाही. मग तारा सुरात लावून पहिल्या आणि सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (न दाबता, नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहिला; ब्रिज सरकवताना तारा थोड्या सैल केल्या, मग पुन्हा सुरात लावल्या. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज मागे, शेपटीकडे. उतरा असेल तर पुढे. दोन्ही टोकांच्या तारा जुळल्या की मधल्या आपोआप जुळतात, पायऱ्या त्याचसाठी असतात. तासभर गेला. ब्रिजच्या पायांभोवती मऊ पेन्सिलने बारीक खूण केली. ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

गिटारबद्दल उरलेलं थोडक्यात. वायरचा जॅक दोनदा ढिला झाला, आतून पोकळ असल्याने नट घट्ट करणं किचकट आहे. ट्यूनिंगच्या खुंट्या सामान्य. मानेचं काम उत्तम, चौदा महिन्यांत ट्रस रॉडला (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) हात लावावा लागला नाही. या पैशांत पुन्हा हीच घेईन. घेताना एकच बघा: तिसऱ्या तारेखाली ब्रिजची पायरी पुढे आहे का, आणि मागची उडी दुसऱ्या तारेला आहे का. तसं असेल तर साध्या तिसऱ्या तारेचा संच चढवू नका.

केसमध्ये झाकणाच्या आत आता जाड अक्षरांत एक कागद चिकटवलाय: 'सगळ्या तारा एकदम काढू नयेत. तिसरी तार गुंडाळलेलीच.' काल रात्री पाचव्या-तिसऱ्या जोडीवर खालपासून पंधराव्या फ्रेटपर्यंत ऑक्टेव्ह चढत गेलो. प्रत्येक ठिकाणी दोन सुरांचा एकच सूर ऐकू आला. भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही, म्हणून आणखी अर्धा तास वाजवलं.