‘अपील आत गेलंय’ असं सांगून आम्हाला कसं फसवलं: एच-वन-बीवाल्यांनी जरूर वाचा

माझ्या नवऱ्याचा एच-वन-बीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या, मुदतवाढीचा अर्ज नामंजूर झाला. त्यावरचं अपील मुदतीत पोहोचलं नाही, आणि ते पोहोचलं नाही हे आमच्यापासून मुद्दाम लपवून ठेवलं गेलं. न्यू जर्सीत अशाच माणसांच्या भरवशावर बसलेली आपली बरीच मंडळी मला माहीत आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं अपील ज्याच्या हातात होतं तो माणूस वकील नव्हता. छोट्या कन्सल्टिंग कंपन्यांचं व्हिसाचं काम तो ‘बघायचा’. मराठी, बोलायला गोड, गणेशोत्सवात ओळख झालेली. कंपनीच्या मालकानेच आम्हाला त्याच्याकडे पाठवलं होतं.

नवऱ्याचं आय-94, म्हणजे अमेरिकेत कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल त्याची सरकारी नोंद, संपलं होतं, पण मुदतवाढीचा अर्ज त्याआधीच गेलेला असल्यामुळे निकाल लागेपर्यंत, जास्तीत जास्त 240 दिवस, त्याला काम करता येत होतं. अर्ज नामंजूर झाला की ती सवलत त्याच दिवशी संपते. नामंजुरीचं पत्र कर्मचाऱ्याला येत नाही, ते कंपनीला आणि कंपनीच्या वकिलाला जातं. आम्हाला कळलं ते ह्या माणसाच्या फोनवरून. “वहिनी, अजिबात टेन्शन घेऊ नका,” तो मला म्हणाला, “अपील टाकलं की स्टेटस चालूच राहतं. घर, मुलाची शाळा, काही हलवायची गरज नाही.”

हे धादांत खोटं होतं. अपील पडून आहे म्हणून अमेरिकेत राहायचा किंवा काम करायचा हक्क मिळत नाही. आय-94 आधीच संपलेलं असेल तर नामंजुरीच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जातात. ते 180 च्या वर गेले आणि मग तुम्ही देश सोडलात, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष उलटलं तर दहा वर्षं. माझं एच-4, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, नवऱ्याच्याच व्हिसावर, म्हणजे मीही त्याच बोटीत.

अपील आय-290बी ह्या फॉर्मवर करतात. निकालाच्या तारखेपासून 30 दिवस, निकाल टपालाने पाठवला असेल तर 33. ह्या मुदतीत पाकीट यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, योग्य पत्त्यावर पोहोचलेलं लागतं. तुम्ही कुरियरला कधी दिलंत ह्याला काही किंमत नाही. आणि हे अपील करायचा हक्क कंपनीचा असतो, कारण मूळ अर्जदार कंपनी आहे. सहीसुद्धा कंपनीची लागते.

त्याने अपिलाच्या नावाखाली आमच्याकडून झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) पैसे घेतले, सरकारी फीच्या कितीतरी पट. एच-वन-बीच्या अर्जाचा वकिली खर्च कंपनीने करायचा असतो हेही तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. मग रोज एकच उत्तर: “अपील आत गेलंय.” पावती मागितली की “येईल”. खूपच मागे लागल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर एक केस नंबर पाठवला, तीन अक्षरं आणि दहा आकडे. मी तो यूएससीआयएसच्या साइटवर टाकला तर स्क्रीनवर ‘नामंजूर’. तारीख ओळखीची वाटली म्हणून जुना कागद काढून आकडा न् आकडा जुळवला. तो मूळ अर्जाचाच नंबर होता! अपिलाला स्वतःचा वेगळा नंबर मिळतो. त्याला फोन केला तर म्हणे, “वहिनी, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?”

त्या आठवड्यातच आम्ही एका खऱ्या इमिग्रेशन वकील बाईंची वेळ घेतली. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती फाइल. मालकाच्या मागे तगादा लावून ती मिळवली. आत यूएससीआयएसने परत पाठवलेलं पहिलं पाकीट जसंच्या तसं होतं. चेक 675 डॉलरचा. आय-290बीची फी 1 एप्रिल 2024 पासून 800 डॉलर झालेली होती, आणि हा माणूस, ज्याचा म्हणे हाच धंदा, त्याने जुन्या फीचा चेक लावला होता. फी चुकली की अपील परत येतं, आणि परत आलेल्या अपिलाची पहिली तारीख धरली जात नाही. त्याने नवा चेक लावून पाकीट पुन्हा पाठवलं तोवर 33 दिवस उलटून गेले होते. चूक कुणाकडूनही होते. पण पाकीट परत आलं त्या दिवशी त्याने एक फोन केला असता तर मुदतीत सुधारता आलं असतं. त्याऐवजी तो आम्हाला आणखी थांबवत राहिला, आणि आमचे दिवस भरत राहिले. ह्याला मी फसवणूकच म्हणते.

वकील बाईंनी स्पष्ट सांगितलं की उशिरा गेलेलं अपील फेटाळलंच जातं. केस पुन्हा उघडण्याच्या अर्जात, उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे दाखवता आलं तर कधीकधी माफी मिळते, पण तोही कंपनीनेच करायचा, आणि आमच्या मालकाने हात वर केले. 180 दिवस पुरे व्हायच्या आत निघा, हा त्यांचा सल्ला आम्ही ऐकला. एक गोष्ट मात्र दिलासा देणारी निघाली. एकदा लॉटरीत नंबर लागून एच-वन-बी मिळालेलं असेल तर एच-वन-बीच्या एकूण सहा वर्षांतल्या उरलेल्या काळासाठी पुन्हा लॉटरीत जावं लागत नाही. नवऱ्यासाठी दुसऱ्या कंपनीने अर्ज केला, तो प्रीमियम प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल मिळवायच्या सोयीत, मंजूर झाला. आम्ही सध्या पुण्यात आहोत, मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातलं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा लावून घेणं, बाकी आहे.

कुणाचा अर्ज नामंजूर झाला असेल तर नामंजुरीच्या पत्राची पूर्ण प्रत कंपनीकडून त्याच दिवशी मागा आणि मुदत स्वतः मोजा. अपिलाची पावती, म्हणजे आय-797 नोटीस, डोळ्यांनी बघा: नंबर नवा आहे का, अर्जदार म्हणून कंपनीचं नाव आहे का. कुरियरच्या ट्रॅकिंगवर विसंबू नका, पाकीट पोहोचलं म्हणजे स्वीकारलं असं नाही. वकिलाला ज्या राज्याचा परवाना आहे त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, साइटवर त्याचं नाव शोधा. ते तिथे नसेल, आणि न्याय खात्याच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधींच्या यादीतही नसेल, तर त्या माणसाला कायदेशीर सल्ला द्यायचा अधिकारच नाही.

आम्ही फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात तक्रार केली आहे. झेलच्या पावत्या, व्हॉट्सॲपचे मेसेज, परत आलेल्या पाकिटाचे फोटो सगळं जोडलं. तुमच्याशी कुणी असं वागत असेल तर आजपासूनच मेसेज जपून ठेवा, आणि त्याच्याशी फोनवर कमी, लेखी जास्त बोला.