एचएमएस कॅलिओपी (१८८४): चालती १:१०० प्रतिकृती, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

पाण्यावर चालणारी प्रतिकृती करायची म्हटलं की बहुतेक जण मोठ्या युद्धनौकांकडे वळतात. मी ब्रिटिश आरमाराची ही छोटी क्रूझर निवडली. प्लायच्या फासळ्या आणि बाल्साच्या पट्ट्यांतून घरीच बांधली आणि पावसाळा संपल्यापासून तलावावर चालवतोय. आता तिच्याबद्दल भरवशाने लिहिता येईल.

मूळ नौका २३५ फूट लांब, साडेचव्वेचाळीस फूट रुंद, २,७७० टनांची. म्हणजे प्रतिकृती ७२ सेंटीमीटरच्या आसपास. पुढची तिरकी काठी काढली की गाडीच्या मागच्या सीटवर आरामात बसते. लांबीच्या मानाने पोट रुंद असल्यामुळे तळाशी शिसं भरलं की डुलते, पण कलंडत नाही. शिकाऊ माणसाच्याही हाती बिनधास्त द्यावी.

तिची खरी मजा मात्र आराखड्यात आहे. नॅथॅनियल बार्नबीने काढलेली ही नौका पोर्ट्समथच्या गोदीत बांधली गेली. व्यापारी मार्गांवर पहारा द्यायचा, तोही मायदेशापासून हजारो मैल लांब, जिथे कोळसा मिळेल याची खात्री नाही आणि सुकी गोदी तर नाहीच. म्हणून एंजिनाच्या जोडीला तीन डोलकाठ्या आणि पूर्ण शिडं. धातूच्या सांगाड्यावर लाकडाचं आवरण आणि पाण्याखाली तांब्याचा पत्रा, म्हणजे शेवाळ-शिंपले धरणार नाहीत. हे तांब्याचं काम मी चिकट कॉपर टेपचे तुकडे कापून केलं. त्याला वेळ प्रचंड लागला, पण ऊन पडल्यावर पाण्याच्या रेषेखाली ती जी तांबूस झाक दिसते, तिच्यासाठी मी पुन्हा तेवढाच वेळ देईन.

तोफा दोन्ही बाजूंना: चार सहा इंची, पुढे-मागे बाहेर काढलेल्या सज्ज्यांत, आणि त्यांच्या मधे बारा पाच इंची. चिलखत म्हणाल तर यंत्रांच्या वर फक्त दीड इंच जाडीचा पोलादी डेक. १:१०० ला हे ०.३८ मिलिमीटर होतं. मी तिथे चक्क व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा बसवलाय! हातात धरल्यावर कळतं, त्या माणसांच्या आणि तोफगोळ्याच्या मधे किती कमी होतं.

आता चालण्याबद्दल. वारा पडलेला असताना ती सुरेख चालते. वारा समोरून आला की सगळ्या काठ्या आणि दोर तो अडवतात आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, बाजूला ढकलली जाते. मोटर पूर्ण देऊनही पुढे सरकायला जीव जातो. वरच्या काठ्या काढता येतील अशाच बसवल्यात. त्या उतरवल्या की फरक लगेच जाणवतो.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर, आपिआ बंदरात मूळ कॅलिओपीचं जे झालं, त्याचा अर्थ मला इथे तलावावर लागला. मार्च १८८९, ते अरुंद तोंडाचं, प्रवाळांनी वेढलेलं बंदर. सात युद्धनौका नांगरलेल्या: तीन अमेरिकन, तीन जर्मन आणि ही. चक्रीवादळात नांगर घसरू लागले, नौका एकमेकींवर आदळू लागल्या. १६ मार्चच्या सकाळी कॅप्टन हेन्री केनने साखळी सोडून दिली आणि वाऱ्याच्या तोंडावर बाहेर पडायचं ठरवलं. एंजिन जवळपास १५ नॉट्सच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) बेताने फिरत होतं आणि नौका पुढे जात होती जेमतेम एक नॉटने. बंदराच्या तोंडाशी अमेरिकन ट्रेंटन होती, तिच्या बॉयलरची आग विझलेली. ट्रेंटन आणि प्रवाळ यांच्यामधून कॅलिओपी घासून निघाली, तेव्हा स्वतः बुडायच्या बेतात असलेल्या त्या खलाशांनी तिच्या नावाने जयघोष केला. बाकीच्या सहाही नौका फुटल्या किंवा किनाऱ्यावर फेकल्या गेल्या, दीडशेच्या आसपास माणसं गेली. बॉयलररूममध्ये कोळसा ओढणाऱ्यांना बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. माझ्या लेखी त्या दिवसाचं श्रेय आधी त्यांचं आणि स्टाफ इंजिनिअर बोर्कचं. केनने न्यूझीलंडच्या वेस्टपोर्ट कोळशालाही श्रेय दिलं.

उणिवा आहेतच. एकच पंखा असल्याने मागे घेताना सुकाणू ऐकत नाही. दोरकामावर धूळ बसते आणि मऊ ब्रशशिवाय ती निघत नाही. सुती दोरा दमट हवेत सैलावतो, तेव्हा पॉलिएस्टरचाच वापरा. पूर्ण सज्ज करून तलावावर उतरवायला वेळ लागतो. घाईच्या माणसाने शिडं नसलेली, फक्त वाफेवर चालणारी नंतरच्या काळातली क्रूझर घ्यावी.

मूळ नौका पुढे इंग्लंडमधल्या टाइन नदीवर स्वयंसेवी नौसैनिकांची शिक्षणनौका झाली आणि १९५३ साली ब्लाइथला मोडली गेली. मुंबईच्या गोदीत बांधलेलं १८१७ चं ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज तिथून जवळच, हार्टलपूलला, अजून तरंगतंय. कॅलिओपीचं सुकाणूचक्र तेवढं सामोआला भेट दिलं गेलं. त्यामुळे बांधताना जुने फोटो आणि मापं यांवरच भागवावं लागतं. १:१०० पेक्षा लहान करू नका, दोरकाम हाताला येत नाही. बाकी, बाल्सा आणि संयम असेल तर डोळे झाकून हीच घ्या.