मायक्रोबायोमचं विश्लेषण कुणाकडे द्यावं: कंपनी, गॅलॅक्सी की सामायिक कोअर?

मायक्रोबायोमच्या (एखाद्या ठिकाणच्या सगळ्या सूक्ष्मजीवांच्या) संशोधन प्रस्तावात सिक्वेन्सिंगचा (डीएनएचा क्रम वाचण्याचा) खर्च नीट मांडलेला असतो आणि विश्लेषणासाठी खाली एखादी ओळ. तिथे पर्याय तीन. सिक्वेन्सिंग करणाऱ्या कंपनीकडूनच रिपोर्ट घ्यायचा, गॅलॅक्सीसारख्या मोफत सर्व्हरवर स्वतः काम करायचं, किंवा सामायिक बायोइन्फॉर्मॅटिक्स कोअरची (अनेक गटांसाठी जैविक डेटाचं विश्लेषण करणाऱ्या संस्थेच्या विभागाची) मदत घ्यायची. आमच्या गटानं तिन्ही वापरून पाहिले आहेत. आमचं काम रुग्णांच्या नमुन्यांवरचं आहे, बहुतेक विष्ठेचे आणि थोडे योनिमार्गाच्या स्वॅबचे. माती-पाण्यावर काम करणाऱ्यांचा कौल कदाचित वेगळा पडेल.

कंपनीच्या रिपोर्टला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. तो वेळेवर येतो, आलेख छापण्याजोगे असतात, आणि एमडीच्या प्रबंधाची मुदत डोक्यावर असेल तर तो मोठाच आधार. मोजक्या नमुन्यांच्या पायलटसाठी मी आजही तो घेईन.

आमचं घोडं अडलं ते एका साध्या प्रश्नावर: प्रायमर कापले होते का? प्रायमर म्हणजे हवा तो भाग हेरून त्याच्या प्रती काढायला वापरलेले डीएनएचे छोटे तुकडे. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाच्या व्ही३-व्ही४ भागाच्या प्रायमरांत काही जागी एकाहून जास्त बेस (डीएनएची अक्षरं) चालतात. ते रीड्सच्या (यंत्रानं वाचलेल्या डीएनए-तुकड्यांच्या) टोकाला तसेच राहिले, तर डाडा२ हे सॉफ्टवेअर तिथले फरक खरे धरतं आणि पुढे चांगले रीड्सही कायमेरा (दोन तुकडे चुकून जोडून झालेले क्रम) समजून बाहेर टाकतं. हातातल्या फास्टक्यू (कच्च्या रीड्सच्या) फाइलीत प्रायमर आहेत की नाहीत, हे सुरुवातीचे बेस पाहून कळतं, ते आम्ही पाहिलंही. पण रिपोर्टमधला जिवाणूंच्या प्रमाणाचा तक्ता प्रायमर कापून केला की तसाच, हे तो करणाऱ्यालाच ठाऊक. मी विक्री प्रतिनिधींना लिहिलं. त्यांनी ते ‘टेक्निकल टीम’कडे पाठवलं. उत्तर आलं, ‘स्टँडर्ड पाइपलाइन वापरली आहे.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. ज्यानं विश्लेषण केलं त्या माणसाशी शेवटपर्यंत बोलता आलं नाही. पुढे परीक्षकांनी निगेटिव्ह कंट्रोल (नमुना न घालता केलेली चाचणी) धरून निकाल मागितले. मागणी रास्तच होती. स्वॅबसारख्या नमुन्यात जिवाणूंचा डीएनए कमी निघाला, की डीएनए काढायच्या किटमधून आलेलं प्रदूषणच निकाल म्हणून दिसू शकतं. त्यावर कंपनीकडून नवं कोटेशन आलं. माझ्यापुरता निर्णय तिथे झाला.

गॅलॅक्सीचं थोडक्यात सांगतो. जर्मनीत फ्रायबुर्गहून चालणाऱ्या सर्व्हरवर क्वाइम २, डाडा२ अशी सॉफ्टवेअरं तयार मिळतात आणि प्रत्येक पायरी, प्रत्येक सेटिंग इतिहासात नोंदली जाते. विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. १६एसचा डेटा तिथे आरामात मावतो, शॉटगनला (नमुन्यातला सगळाच डीएनए वाचण्याच्या पद्धतीला) जागा अपुरी पडू लागते. शिवाय शॉटगनमध्ये रुग्णाचा स्वतःचा डीएनए येतो. ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टच्या नमुन्यांत विष्ठेत तो अगदी थोडा होता, योनिमार्गाच्या नमुन्यांत मात्र ९० टक्क्यांच्या वर. मानवी रीड्स गाळण्याआधी ते परदेशी सर्व्हरवर चढवणं एथिक्स कमिटीच्या मंजुरीत बसतं का, हे आधी विचारावं लागतं.

कोअरचा अनुभव निराळा. तिथल्या बाईंनी पहिल्या भेटीत फाइली मागितल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, ‘सर, रुग्णांचे आणि निरोगी लोकांचे नमुने एकाच बॅचमध्ये काढणार ना?’ एका गटाचा डीएनए एका किटनं आणि दुसऱ्याचा महिन्यानं दुसऱ्या किटनं काढला, तर किटमधला फरक आजारातला फरक म्हणून दिसतो, आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर तो वेगळा काढून देत नाही. नमुने गोळा करायच्या आधी हे विचारणारं माणूस मिळालं, यातच माझ्या मते कोअरची अर्धी किंमत वसूल झाली.

उरलेली अर्धी पुढे झाली. २०२० साली लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंच्या वंशाची (जीनसची) २५ वंशांत विभागणी झाली, २०२१ मध्ये फर्मिक्यूट्स या जिवाणूंच्या मोठ्या गटाचं नाव बॅसिलोटा झालं. आमचे जुने तक्ते आणि नवे तक्ते जुळेनात. कोअरकडे आमच्या कामाची स्क्रिप्ट, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि जिवाणूंच्या नावांसाठी सिल्व्हा या डेटाबेसची कोणती आवृत्ती वापरली ते सगळं जपून ठेवलेलं होतं. त्यांनी नावं देण्याची पायरी नव्यानं चालवून दोन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडून दिले.

अडचणी तिथेही आहेत. रांग असते, आणि ऐन घाईच्या वेळी ती फार जाणवते. कंत्राटी माणसं पोस्टडॉक मिळाली की जातात. काही कोअर मुळात कॅन्सर जीनोमिक्सची असतात, त्यामुळे मायक्रोबायोमचे आकडे सापेक्ष (एकूणातला वाटा) असतात आणि त्यांना वेगळं संख्याशास्त्र लागतं, हे तिथे ठाऊक असेलच असं गृहीत धरू नये. आधी केलेलं काम दाखवायला सांगावं. शुल्क किती आणि लेखकांत नाव कुणाचं, हेही सुरुवातीलाच बोलून घ्यावं. निव्वळ संगणक मिळाला म्हणजे भागत नाही. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्मसारखा महासंगणक आहे, पण त्यावर काय चालवायचं हे सांगणारं माणूस वेगळंच लागतं.

एवढं असूनही नियमित काम करणाऱ्या गटानं कोअर निवडावं, असं मला वाटतं. आपल्या संस्थेत नसेल तर शेजारच्या संस्थेशी करार करता येतो का ते पाहावं. आणि कंपनीकडेच जायचं ठरलं, तर कच्च्या फास्टक्यू फाइली, प्रायमरचे क्रम, ते कापले की नाही, सॉफ्टवेअर आणि डेटाबेसची आवृत्ती, कंट्रोलचे निकाल आणि शंका विचारायला विश्लेषकाचा थेट ई-मेल, एवढ्या गोष्टी पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या.