पहिल्यावर थांबावं की दुसरा भाग घ्यावा?

चतुर्थीला फोंड्याला गेले तेव्हा अकरावीतली भाची टोमी अडेयेमीच्या ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ या जादूच्या कादंबरीत बुडालेली. पातोळ्या पानातच थंड झाल्या. पुस्तक संपलं तशी विचारते, “मावशी, दुसरा भाग घेऊ?” मी दोन्ही वाचलेत, आणि पहिल्यावर माझा फार जीव आहे, म्हणून सविस्तर सांगते. पहिला संपला नसेल तर पुढचं वाचू नका.

२०१८च्या पहिल्या भागात इलोरिन हे पाण्यावर वसलेलं कोळ्यांचं गाव आहे. कर वाढलाय, बाबा समुद्रात बुडता बुडता वाचलेत, म्हणून नायिका झेली एक दुर्मिळ मासा घेऊन लागोसच्या बाजारात जाते. आपली नड चेहऱ्यावर दिसू न देता ती भाव धरून ठेवते, ते वाचताना मला म्हापशाच्या बाजारातल्या मासेवाल्या बायका दिसायला लागल्या. परतताना एक मुलगी तिचा हात पकडते. ती राजकन्या अमारी. वडिलांनी तिच्या जिवलग दासीला, बिंटाला, तिच्या डोळ्यांदेखत मारलंय. दोघी का पळतात हे आपल्याला आतून कळलेलं असतं, त्यामुळे पाचशेहून जास्त पानं कधी सरली ते कळत नाही.

‘चिल्ड्रन ऑफ व्हर्च्यू अँड व्हेंजन्स’ २०१९च्या डिसेंबरमध्ये आलं. त्यातली मुख्य कल्पना खरोखर दमदार आहे. झेलीने जिवावर उदार होऊन जादू परत आणली, पण ती शत्रूपक्षातल्या सरदारांच्या अंगातही जागी झाली. त्यांना टायटन म्हणतात. अमारीची आई नेहांडा तर इतर टायटनांची शक्ती स्वतःत ओढून घेते. माजींची, म्हणजे झेलीसारख्या जादू असलेल्या लोकांची, दहा कुळं, त्यांचे प्रमुख, त्यांचे मंत्र हे सगळं इथे जास्त भरलेलं आहे. जादूसाठी वाचणाऱ्याला दुसरा भाग आवडू शकेल. बाबा गेल्यानंतरचं झेलीचं दुःखही खरं वाटतं.

पण माणसं? झेली आणि अमारी भांडतात, जवळ येतात, पुन्हा भांडतात, आणि दर वेळी वाटतं की या दोघी पाच मिनिटं एकमेकींसमोर बसल्या असत्या तर निम्मं युद्ध टळलं असतं. अमारीचा भाऊ इनान शांततेचं ठरवतो, मागे फिरतो, परत ठरवतो. झेलीचा भाऊ त्झेन, त्याच्या वाट्याला काळजी करण्यापलीकडे फारसं काही येत नाही. सगळ्यात जास्त खटकली ती अमारी. शेवटाकडे ती एक भयंकर निर्णय घेते. बिंटासाठी रडलेली मुलगी तिथवर कशी पोचली, हे मला कुठल्याच पानावर सापडलं नाही. मी मागे जाऊन दोन प्रकरणं पुन्हा वाचली, तरी नाही.

आणखी एक. दुसरा भाग ऐन मोक्याला तुटतो, म्हणजे तो घेतला की २०२४चा तिसराही घ्यावा लागणार. पहिल्याचा शेवटही ओढ लावणारा आहे, पण झेलीने हाती घेतलेलं काम तिथे पूर्ण होतं.

भाचीला मी सांगितलं, विकत घेऊ नकोस. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी कर, नाहीतर कुणाकडून वाचायला आण. तुला झेली-अमारीची मैत्री आवडली असेल तर पहिल्यावरच थांब, कुळं आणि मंत्र आवडले असतील तर वाच. तिला मंत्रच आवडलेत. वर्गातल्या मैत्रिणीकडे पुस्तक आहे, सोमवारी आणणार म्हणाली.