कलर सेन्सरच्या नावाखाली आयआर सेन्सर

ऑर्डर होती लाल, पिवळे आणि पांढरे ठोकळे वेगळे करणाऱ्या रोबोसाठी टीसीएस३४७२५ या कलर सेन्सरची. पाकिटावर ‘आरजीबी कलर सेन्सर’ असंच छापलेलं. आत निघाला टीसीआरटी५०००, म्हणजे काळ्या रेषेवरून चालणाऱ्या रोबोला (लाइन फॉलोअरला) लावतात तो इन्फ्रारेड (आयआर) सेन्सर. किंमत मात्र कलर सेन्सरची लावलेली.

ही फसवणूक पटकन लक्षात येत नाही, कारण विक्रेत्याचा डेमो खराच असतो. पांढऱ्या कार्डावर दिवा लागतो, काळ्यावर विझतो. टीसीआरटीमध्ये ९५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी आणि एक फोटोट्रान्झिस्टर, एवढंच असतं. छपाईचा काळा टोनर आयआर शोषतो. लाल-पिवळे कार्डपेपर मात्र बहुतेक वेळा पांढऱ्याइतकाच आयआर परत फेकतात. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: “पोटेन्शिओमीटर फिरवून कॅलिब्रेट करा.” त्याने फक्त कम्पॅरेटरचा थ्रेशोल्ड, म्हणजे दिवा लागण्या-विझण्याची सीमा, सरकतो. सेन्सर देतो तो एकच आकडा, त्यातून रंग कुठून निघणार?

पैसे देण्याआधी डेमो मागायचा तो लाल आणि पांढऱ्या कार्डांवर, अंतर तेच ठेवून, पोटेन्शिओमीटरच्या स्क्रूला हात न लावता. पिनांचा फोटोही मागवा. डीओ-एओ (डिजिटल आणि अॅनालॉग आउटपुट) दिसले तर तो टीसीआरटीच, विषय संपला. एस० ते एस३ आणि आउट असतील तर तो टीसीएस३२०० किंवा त्याचा थोरला भाऊ टीसीएस२३०. त्याला रंग कळतात, पण आयआर फिल्टर नसल्याने उन्हात लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलचे आकडे फुगतात. टीसीएस३४७२५ ला एसडीए-एससीएल, म्हणजे आयटूसी जोडणीच्या डेटा आणि क्लॉकच्या पिना, लागतात.

आयटूसी स्कॅनमध्ये, म्हणजे जोडलेल्या चिपांचे पत्ते शोधताना, हेक्स २९ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. व्हीएल५३एल०एक्स या अंतर मोजणाऱ्या चिपचा पत्ताही तोच आहे. कमांड बिट धरून चिपची ओळख सांगणारं रजिस्टर हेक्स ९२ वाचा, उत्तर हेक्स ४४ यायला हवं.

अस्सल सेन्सरही चुकीच्या सेटिंगवर वेडे आकडे देतो आणि विक्रेता नेमकं त्यावरच बोट ठेवतो. उजेड गोळा करण्याच्या मूळ २.४ मिलिसेकंदांच्या वेळेवर आकडा १०२४ च्या वर जात नाही. ही वेळ ५० मिलिसेकंद आणि गेन (सिग्नलची वाढ) ४ ठेवा, आर-जी-बीच्या आकड्यांना क्लिअरने, म्हणजे रंगाच्या फिल्टरशिवायच्या आकड्याने, भागा, बाजूंनी काळा कागद लावून बाहेरचा उजेड अडवा. मग तक्रार करा.

कारण ‘खराब वस्तू’ नव्हे, ‘वेगळी वस्तू आली’ असं लिहा. नाहीतर बदलून पुन्हा तीच येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पाकीट फोडतानाचा व्हिडिओ जोडा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.