ओपनडब्ल्यूआरटी वन राउटर, चार महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, हा राउटर मला इथल्या दुकानात कुठे मिळाला नाही, त्यामुळे 'ताई लिंक द्या' म्हणू नका. आतेभाऊ न्यूजर्सीला असतो, तो दिवाळीला आला तेव्हा त्याच्याकडून मागवला. केससकट ८९ डॉलर, म्हणजे आपले सात-आठ हजार गेले. आईचं म्हणणं एकच, फुकटचा डबा चालत होता की!

तर तो फुकटचा डबा. नेट घेतलं तेव्हा कंपनीने (नाव नाही घेत) एक पांढरा डबा हॉलच्या भिंतीला ठोकून दिला. त्याचं अ‍ॅडमिन पेज उघडलं तर अर्ध्या सेटिंग करड्या, क्लिकच होत नाही. मला फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलायचा होता. नेटवाल्या पोराला फोन केला तर म्हणे "मॅडम तो पासवर्ड आमच्याकडे पण नसतो, वरून येतं सगळं." आणि एका रात्री खरंच वरून काहीतरी आलं, सकाळी उठून बघतो तर वायफायचं नाव बदललेलं, आई विचारतेय हे कोणाचं नेट आपल्या घरात आलं. आणि कहर म्हणजे डब्यासोबत आलेल्या कागदाच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात लिहिलंय की यात जीपीएल लायसन्सचं सॉफ्टवेअर आहे, सोर्स कोड हवा असल्यास ईमेल करा. केला. तीनदा केला. चौथ्यांदा केला नाही कारण मला नोकरी आहे.

आता हे जीपीएल प्रकरण माहीत नसेल तर राउटरचे पैसे कशाचे तेच कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. जीपीएल म्हणजे सॉफ्टवेअर वापरा, बदला, पण पुढे देताना सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, पण द्या असं सांगणारं लायसन्स. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स सिस्टिमचा गाभा, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणजे कंपनीने ते डब्यात घालून विकलं तर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला सोर्स कोड द्यायचा. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांनी शोधून काढलं, मागे लागले, शेवटी कोड बाहेर आला आणि त्याच्यावरच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोकळं सॉफ्टवेअर, सुरू झालं. नावातलं 'डब्ल्यूआरटी' तिथलंच.

पण कोड मिळाला म्हणजे झालं असं नाही ना. अमेरिकेत टिवो नावाचा टीव्ही रेकॉर्ड करायचा डबा होता, त्यांनी कोड रीतसर दिला, फक्त डबा चालू होताना सॉफ्टवेअरवरची डिजिटल सही तपासायचा आणि तुम्ही एक ओळ जरी बदलली तरी चालायला नकार द्यायचा. वाचा हवं तेवढं, चालवायचं मात्र आमचंच. जीपीएल लिहिणाऱ्या रिचर्ड स्टॉलमननी याला 'टिवोआयझेशन' असं नावच ठेवलं आणि २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत कलम घातलं की घरगुती वापराच्या वस्तूत हे सॉफ्टवेअर असेल तर बदललेलं सॉफ्टवेअर बसवायला लागणारी माहिती, चाव्या वगैरे पण द्यायच्या. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सना हे पटलं नाही, सॉफ्टवेअरच्या लायसन्सने हार्डवेअर कसं बनवायचं ते सांगू नये असं त्यांचं म्हणणं, म्हणून कर्नल आजही दुसऱ्याच आवृत्तीवर आहे. (त्या आवृत्तीतही 'इन्स्टॉलेशनच्या स्क्रिप्ट' द्या असं लिहिलंय, त्याचा अर्थ काय यावर वाद चालूच आहे.) मला टोरवाल्ड्सचा मुद्दा कळतो, पण ते हॉलमध्ये माझ्या डब्यासमोर बसलेले नाहीत. उद्या माझ्या ईमेलला उत्तर आलं तरी तो कोड मी ठेवू कुठे? डबा घेणारच नाही.

हा राउटर त्याच्या बरोबर उलटा आहे. ओपनडब्ल्यूआरटीवाले आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी यांनी मिळून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये काढला, बनवते बनाना पाय नावाची कंपनी. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे टीव्हीतल्या जीपीएल कोडसाठी व्हिझिओ कंपनीला २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात कोर्टात खेचणारी संस्था, तेव्हा लायसन्सच्या बाबतीत यांच्या डब्यात खोट निघणार नाही. प्रत्येक राउटरमागे १० डॉलर ओपनडब्ल्यूआरटीच्या फंडात जातात.

आत मीडियाटेकचा चिप, १ जीबी रॅम, वायफाय ६, बाहेर धातूची केस आणि तीन अँटेना. पण मला आवडलेली गोष्ट म्हणजे एक बारकासा स्विच, नखाने सरकवायचा. आत सॉफ्टवेअर साठवायच्या दोन वेगळ्या मेमरी (फ्लॅश) आहेत, २५६ एमबीची नँड, जिच्यावर रोजचं सॉफ्टवेअर, आणि १६ एमबीची नॉर, जिच्यावर अडचणीसाठी ठेवलेलं. मी दुसऱ्याच आठवड्यात स्वतः बिल्ड केलेली इमेज (राउटरचं सगळं सॉफ्टवेअर असलेली फाइल) टाकत होते आणि बरोब्बर तेव्हाच लाइट गेली. दुसरा एखादा राउटर असता तर तिथेच वीट झाली असती, म्हणजे डबा निकामी. इथे स्विच नॉरकडे सरकवला, पेनड्राइव्हवर इमेज घेऊन लावला, समोरचं बटण दाबून धरून पॉवर दिली, आईची मालिका संपायच्या आत राउटर परत उभा. समोरच टाइप-सीचा कन्सोल पोर्ट आहे, लॅपटॉपला साधी वायर जोडली की बूट होताना काय काय चाललंय ते ओळीने दिसतं.

आता खटकलेलं. इथरनेट पोर्ट दोनच, एक २.५ गिगाबिटचा आणि एक १ चा, त्यातला एक नेटला गेला की उरला एक, म्हणजे जास्त पोर्ट देणारा वेगळा नेटवर्क स्विच घ्या. वायफाय चिपचं स्वतःचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) बंदच आहे, त्याचा कोड मिळत नाही, म्हणजे शंभर टक्के मोकळा वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा दमाने. आणि ज्याला फक्त नेट हवंय त्याने याच्या नादी लागू नये, ओपनडब्ल्यूआरटीच्या मेनूत पहिल्या दिवशी मीच हरवले होते. एसक्यूएम (एकानेच सगळं नेट अडवू नये म्हणून रांग लावणारी सोय) चालू केल्यापासून मात्र माझी मोठी फाइल अपलोड होत असताना आईची मालिका अडकत नाही, त्यामुळे तिची तक्रार आता फक्त पैशांपुरती राहिलीय.

पांढरा डबा अजून भिंतीवरच आहे बरं का. फायबर त्याच्यातच येते आणि ब्रिज मोडचं (डब्याने नेट नुसतं पुढे माझ्या राउटरला द्यायचं) बटण, ओळखलंत, करडं. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१, त्यामुळे पहिली संध्याकाळ कोण कोणाशी बोलतंय तेच कळेना, शेवटी मी माझ्याचा पत्ता बदलला, कारण बदलता येणारा तोच होता.

एकच अडलंय. हा चालतो टाइप-सीवर आणि त्याला १२ व्होल्ट पीडी (टाइप-सीतून जास्त व्होल्ट देण्याची पद्धत) लागतं, फोनच्या सगळ्या चार्जरना ते देता येत नाही, आणि इथे मिळणारे राउटरचे मिनी यूपीएस गोल पिनवाले. लाइट गेली की पांढरा डबा ऐटीत चालू आणि माझा आठ हजारांचा बंद. कोणी टाइप-सीतून १२ व्होल्ट देणारा यूपीएस वापरत असेल तर कुठून घेतला तेवढं सांगा.